ओढीतला फरक

भरती-ओहोटीवरचं संशोधन वाचताना एक गोष्ट मला अनेक वर्षं खटकत आली आहे. समुद्राचे अभ्यासक आणि आकाशाचे अभ्यासक एकाच बलाबद्दल बोलतात, पण एकमेकांचं बोलणं क्वचितच ऐकतात. खाडीच्या तोंडाशी धावणारं पाणी आणि आकाशगंगेभोवती हजारो प्रकाशवर्षं पसरलेले ताऱ्यांचे ओघ ही एकाच कारणाची दोन रूपं आहेत. म्हणून इथे मी दोघांना समोरासमोर बसवलं आहे. आत्या गोव्यातून निवृत्त झालेली. मांडवी, जुवारी आणि कोकणातल्या खाड्यांमधले प्रवाह मोजण्यात तिची नोकरी गेली. भाचा पुण्यात राहून ताऱ्यांच्या ओघांवर काम करतो. माणसं कल्पित आहेत. आकडे, सालं आणि संशोधक खरे आहेत.

आत्या : तुमच्या लोकांचे निबंध चाळताना ‘टायडल स्ट्रीम’ दिसलं की मी थांबते. माझ्या लेखी टायडल स्ट्रीम म्हणजे खाडीच्या तोंडातून सहा तास आत आणि सहा तास बाहेर धावणारं पाणी. होडी त्यात घातली की वल्ह्याला ओढ कळते. खंबातच्या आखातात तर हा वेग सेकंदाला तीन मीटरच्या आसपास जातो, भल्या पोहणाऱ्याचंही तिथे काही चालत नाही. तुझ्या ओघात वल्हं कुठे घालायचं?

भाचा : वल्हं नाही घालता येत, पण कारण तेच आहे. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या जवळजवळ १८० पट जोराने ओढतो, तरी भरती आणण्यात त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. कारण भरती नुसत्या ओढीने येत नाही. पृथ्वीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूला बसणाऱ्या ओढीत जो फरक पडतो, त्याने ती येते, आणि हा फरक अंतराच्या घनाच्या हिशेबाने घटतो. आता पृथ्वीच्या जागी हजारो ताऱ्यांचा एक गुच्छ ठेव आणि चंद्राच्या जागी अख्खी आकाशगंगा. गुच्छाच्या स्वतःच्या गुरुत्वाची पकड कडेला सैल असते. केंद्राकडची बाजू जास्त ओढली जाते, पलीकडची कमी, आणि दोन्ही बाजूंनी तारे एकेक करून सुटतात. आतल्या बाजूने सुटलेले थोड्या लहान कक्षेत जातात, त्यांचा फेरा लवकर पुरा होतो, ते गुच्छाच्या पुढे निघतात. बाहेरून सुटलेले मागे पडतात. अब्जावधी वर्षांत पुढे एक शेपूट आणि मागे एक शेपूट तयार होते. २००१ साली पालोमार ५ या गुच्छाच्या अशा दोन शेपट्या स्पष्ट दिसल्या. तुझ्या दिवसातल्या दोन भरत्या आणि माझ्या दोन शेपट्या, हिशेब एकच.

आत्या : इथेच मी तुला अडवते. चंद्राकडे एक फुगवटा, विरुद्ध बाजूला दुसरा, आणि पृथ्वी त्यांच्याखालून फिरते, हे शाळेच्या पुस्तकातलं चित्र समुद्रात कुठेच नाही. न्यूटनने १६८७ साली बल बरोबर सांगितलं, पण पाणी त्या बलाला कसं उत्तर देतं हे त्याने सोडवलं नाही. ते काम लाप्लासने १७७५-७६ मध्ये हाती घेतलं. चार किलोमीटर खोल समुद्रात भरतीची लाट ताशी जेमतेम सातशे किलोमीटर धावते. विषुववृत्तावर चंद्राखालचा बिंदू ताशी सोळाशे किलोमीटरने पुढे सरकतो. लाटेला चंद्र गाठताच येत नाही. त्यात मधे खंडं आडवी. म्हणून प्रत्यक्षात भरतीची लाट प्रत्येक महासागरात काही ठरावीक बिंदूंभोवती फिरत राहते, आणि त्या बिंदूंवर पाण्याची पातळी जवळजवळ हलत नाही. तोच चंद्र, तोच अरबी समुद्र. पण गोव्याला भरती-ओहोटीत दोन मीटरच्या आसपास फरक, मुंबईला उधाणात पाच मीटर, भावनगरला दहाच्या वर. उत्तरेकडे उथळ समुद्रबूड जमीन रुंद होत जाते आणि खंबातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं, म्हणून हे घडतं. चंद्र कुठे आहे हे सांगून भागत नाही, तळ कसा आहे हे सांगावं लागतं.

भाचा : मान्य.

आत्या : आणि तळ म्हणजे नुसती खोली नव्हे. मांडवीचंच घे. सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून नव्वदच्या दशकात मांडवी-जुवारीत भरती कशी आत शिरते ते मोजलं. तोंडापासून जवळजवळ चाळीस किलोमीटर आतपर्यंत भरतीची उंची फारशी घटत नाही, आणि मग पुढच्या थोड्या अंतरात ती झपाट्याने मरते. नदी अरुंद होत जाते तशी लाट उंचावायला बघते, तळाचं घर्षण तिला खाली ओढतं. चाळीस किलोमीटर या दोघांची बरोबरी चालते. पुढे नदीचा तळ चढतो आणि वरून येणाऱ्या पाण्याचं बळ वाढतं. हे मोजायला माणसांनी किनाऱ्यावर ठिकठिकाणी पट्ट्या रोवून रात्रंदिवस तासातासाला आकडे लिहिले. तुझ्या शेपट्यांना तळ कुठे आहे?

भाचा : नाही, आणि म्हणूनच त्यांचं मोल आहे. तुझ्या प्रवाहाला घासायला तळ आहे, आपटायला किनारा आहे. आज सकाळची भरती संध्याकाळी कुठे शिल्लक असते? तारे एकमेकांपासून इतके दूर असतात की ओघातले तारे एकमेकांवर आदळत नाहीत, कशाला घासत नाहीत. जिथून सुटले तिथल्या वेगाची आणि दिशेची खूण त्यांच्या कक्षेत राहते. १९९४ मध्ये इबाटा, गिलमोर आणि अर्विन यांना धनू राशीच्या दिशेला एक बटू दीर्घिका सापडली. आपली आकाशगंगा तिला खात आहे. पुढच्या दहा वर्षांत तिच्यातून सांडलेले तारे साऱ्या आकाशाला वळसा घालताना दिसले. अमिना हेल्मी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सूर्याच्या आसपासच्या ताऱ्यांमधून एका फार जुन्या, विरून गेलेल्या दीर्घिकेचे अवशेष ओळखले. आकाशात ते तारे एकत्र दिसतसुद्धा नाहीत, त्यांच्या गतीत तेवढं साम्य उरलं आहे. पाणी विसरतं, तारे विसरत नाहीत.

आत्या : समुद्र विसरतो, हे तू फार लवकर बोललास. त्यावर मी नंतर येते. आधी मला सांग, तुझ्या शास्त्राची परीक्षा कधी होते? माझ्या शास्त्राची दिवसातून दोनदा होते. कोकणातल्या कोळ्यांचा हिशेब तुला माहीत आहे. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. चंद्र सूर्याच्या मागे पडतो तो एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं, हिशेब धरतो पंचेचाळीस. त्यामुळे पौर्णिमेला येईस्तोवर पाऊण तास घसरतो. शिवाय चंद्र जवळ आहे की लांब, उत्तरेला आहे की दक्षिणेला, हे त्या हिशेबाला कळत नाही. पण जाळं टाकायला तो पुरतो, आणि चुकला तर त्याच दिवशी कळतं. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून पातळी नोंदली जाते आहे. केल्विनने भरतीचे वेगवेगळे घटक सुटे काढले: चंद्राचा १२ तास २५ मिनिटांचा, सूर्याचा १२ तासांचा, आणि असे अनेक. चाकं आणि कप्प्या जोडून त्यांची बेरीज करणारं यंत्र त्याने १८७२च्या सुमारास मांडलं. १८७९ साली खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी लंडनला तसं यंत्र तयार झालं. वर्षभर आधी छापलेला आकडा, आणि त्या दिवशी त्या वेळी धक्क्यावर उभा असलेला माणूस तो तपासतो. शास्त्राला मी असा जाब विचारते.

भाचा : धक्क्यावर उभं राहता येत नाही, तरी जाब देता येतो. ‘ऑर्फन’ नावाच्या ओघाची गोष्ट ऐक. २००६-०७ मध्ये तो उत्तरेच्या आकाशात दोन गटांना स्वतंत्रपणे सापडला. जन्मदाता सापडेना, म्हणून त्याला अनाथ म्हटलं. २०१८ मध्ये चिलीतल्या दुर्बिणीने केलेल्या डार्क एनर्जी सर्व्हेमध्ये नोरा शिप आणि सहकाऱ्यांना दक्षिणेच्या आकाशात अकरा नवे ओघ दिसले. त्यांना नद्यांची नावं दिली. त्यात सिंधू, झेलम, चिनाब आणि रावी आहेत.

(ही चार नावं पहिल्यांदा वाचली तेव्हा मला फार आनंद झाला होता. जमिनीवर या नद्यांच्या पाण्याची वाटणी होते, त्यावर करार आणि तंटे होतात. दक्षिण गोलार्धाच्या आकाशात त्याच नावांचे चार ओघ कुणाच्याही मालकीचे नाहीत.)

भाचा : पुढच्याच वर्षी सर्गेई कोपोसोव्ह आणि सहकाऱ्यांनी गाया उपग्रहाच्या नोंदींतून आरआर लायरी जातीचे तारे निवडले. या ताऱ्यांच्या तेजावरून अंतर काढता येतं. तेव्हा कळलं की चिनाब हा ऑर्फनचाच दक्षिणेकडचा भाग आहे. पूर्ण ओघ आकाशात २१० अंश पसरला आहे. पण एक गोष्ट बसेना. आकाशगंगा शांत असेल तर ओघातले तारे ओघाच्याच दिशेने सरकायला हवेत. ऑर्फनच्या दक्षिण भागातले तारे तिरके सरकत होते. डेनिस एर्कल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दक्षिणेच्या आकाशात नुसत्या डोळ्यांना दिसणारा मोठा मॅजेलनी मेघ त्यांना बाजूला ओढतो आहे. इतकं ओढायला त्या मेघाचं वस्तुमान सुमारे १४० अब्ज सूर्यांइतकं हवं. त्याच्यात दिसणारं द्रव्य मात्र काही अब्ज सूर्यांइतकंच.

आत्या : म्हणजे हिशेब बसवण्यासाठी न दिसणारं द्रव्य घातलं.

भाचा : ऐक पुढे. नित्या कल्लिवायलिल आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्येच हबल दुर्बिणीने मेघाचा वेग मोजला होता, आणि तो अपेक्षेपेक्षा जास्त निघाला होता. त्यावरून असा निष्कर्ष निघत होता की मेघ बहुधा पहिल्यांदाच आपल्याजवळ येतो आहे, आणि अजून आकाशगंगेने त्याचं फारसं ओरबाडलेलं नाही. म्हणजे त्याच्याभोवतीचं न दिसणारं द्रव्य, म्हणजे कृष्णद्रव्य, शाबूत असलं पाहिजे. ऑर्फनच्या ताऱ्यांना हे ठाऊक नव्हतं. हबलच्या मोजणीला ऑर्फन ठाऊक नव्हता.

आत्या : हे मला पटतं. दोन साक्षीदार एकमेकांना ओळखत नसतील तर मी ऐकते. पण तुमची जी गोष्ट वर्तमानपत्रांत गाजली ती ही नव्हे. ती जीडी-१ची, आणि तिथे मला शंका आहे.

भाचा : विचार.

आत्या : एक बारीक ओघ, आपल्यापासून तीस हजार प्रकाशवर्षांच्या आसपास. २००६ मध्ये सापडला. जन्मदाता गुच्छ पूर्ण विरलेला. २०१८ मध्ये एड्रियन प्राइस-व्हेलन आणि आना बोनाका यांना गायाच्या नोंदींत त्यात एक फट दिसली आणि शेजारी एक फाटा फुटलेला दिसला. लगेच पुढच्या वर्षी निबंध: दहा लाख ते दहा कोटी सूर्यांच्या वजनाचं, न दिसणारं काहीतरी गेल्या पन्नास कोटी वर्षांत त्याच्यातून आरपार गेलं. अरे, फट पडायला कारणं किती! वायूचे मोठे ढग, आकाशगंगेच्या मध्यभागातला ताऱ्यांचा फिरता पट्टा, सर्पिल भुजा. पालोमार ५च्या दोन शेपट्या सारख्या नाहीत, तो त्या पट्ट्याचाच परिणाम असू शकतो असं तुमच्याच लोकांनी दाखवलं आहे. मी खाडीत एका ठिकाणी पाणी विचित्र वळलेलं पाहिलं तर आधी तळाचा खडक शोधते. न दिसणारा पाहुणा सगळ्यात शेवटी.

भाचा : तेच केलं आहे. जीडी-१ आकाशगंगेच्या फिरण्याच्या उलट दिशेने फिरतो. मधला पट्टा आणि ढग यांच्याशी त्याची गाठ क्षणभराची, म्हणून त्यांचा परिणाम फिका. ठाऊक असलेले तारकागुच्छ आणि बटू दीर्घिका यांच्या कक्षा तपासल्या. हवी ती वेळ आणि हवी ती घनता कुणाचीच जुळेना. २०२० मध्ये बोनाकांनी फाट्यातल्या ताऱ्यांचे वर्णपट घेऊन वेग मोजले. त्यावरून धक्का देणारी वस्तू धनूतल्या बटू दीर्घिकेच्या कक्षेच्या पातळीजवळची असावी असं दिसतं. म्हणजे तिच्यासोबत आलेला कृष्णद्रव्याचा गोळा असू शकतो. आणि तुझ्या शंकेला बळ देणारंही सांगतो. ख्याती मल्हान या भारतीय संशोधकाने इबाटांबरोबर असे ओघ शोधून काढणारी एक गणनपद्धत तयार केली. २०१९ मध्ये मल्हान आणि सहकाऱ्यांना जीडी-१च्या बारीक ओघाभोवती विरळ ताऱ्यांचं एक वेष्टण दिसलं. मूळ गुच्छ आधी दुसऱ्या एका बटू दीर्घिकेत होता आणि तिच्यासकट इथे आला, तर असं वेष्टण तयार होतं. मग ओघाच्या आकारातल्या काही खुणा तिथूनच आलेल्या असू शकतात. हा वाद मिटलेला नाही.

आत्या : मग ठाम बोलू नका.

भाचा : निबंधात ठाम नाहीत. बातमीत होतात. पण आत्या, तूही प्रवाह पाहिलेला नाहीस. तळावर ठेवलेलं तुझं ते ध्वनीचं यंत्र पाण्याचा वेग मोजत नाही. ते आवाज सोडतं, पाण्यातल्या गाळावरून आणि प्लवकांवरून परत येणाऱ्या आवाजाचा स्वर किती बदलला ते ऐकतं, आणि गाळ पाण्याबरोबरच जातो असं धरून पाण्याचा वेग सांगतं. मी ताऱ्याच्या प्रकाशात तोच बदल मोजतो. डॉप्लर दोघांचा एकच.

आत्या : बरोबर आहे. आणि प्लवक रात्री स्वतःहून वर येतात तेव्हा यंत्र उभ्या दिशेचा वेग चुकीचा दाखवतं, हेही आम्हाला शिकावं लागलं. पण ते कळलं, कारण शेजारी दुसऱ्या पद्धतीचं यंत्र लावता आलं. आणि माझ्या मोजणीवर माणसं अवलंबून असतात. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि दुपारी भरती होती. मिठी नदीचं पाणी बाहेर निघेना. ऑगस्ट २०१०मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं आदळली. तेल सांडलं, कंटेनर तरंगायला लागले. तेल कुठल्या खारफुटीत शिरणार हे ठरवत होते भरती-ओहोटीचे प्रवाह. विजेचं म्हणशील तर पाण्यातल्या पात्यांना मिळणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. प्रवाहाचा वेग वीस टक्के जास्त धरला की विजेचा अंदाज सत्तर टक्क्यांहून जास्त फुगतो. स्कॉटलंडच्या पेंटलंड सामुद्रधुनीत दीड मेगावॉटच्या चार टर्बाइन उभ्या राहिल्या, त्या आधी तिथलं पाणी वर्षानुवर्षं मोजलेलं होतं. आपल्याकडे २०११ मध्ये कच्छच्या आखातात ५० मेगावॉटचा प्रकल्प जाहीर झाला आणि तो झालाच नाही. खाड्या मोजायला माणसं कमी पडतात, आणि हुशार मुलं सगळी आकाशाकडे जातात. मला याचं दुःख आहे.

भाचा : ते दुःख खरं आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. पण समुद्राच्या भरतीत किती शक्ती जिरते, हा प्रश्न तुमच्याकडे आला कुठून? आकाशाकडे बघणाऱ्यांकडूनच ना?

आत्या : हो, आणि आता माझी पाळी. समुद्र विसरतो म्हणालास. १६९५ मध्ये हॅलीने जुन्या ग्रहणांचे हिशेब तपासले तेव्हा चंद्र थोडा लवकर पळतो आहे असं त्याला वाटलं. चंद्राच्या कक्षेचं गणित कितीही सुधारलं तरी थोडा भाग उरतच राहिला, आणि तो पृथ्वीच्या मंदावण्याचा होता. पृथ्वीचं फिरणं मंदावतं आहे आणि ते भरतीमुळे, अशी कल्पना कांटने १७५४ मध्येच मांडली होती. पण शक्ती नेमकी जिरते कुठे? १९१९ मध्ये जी. आय. टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने आयरिश समुद्राचा हिशेब घेतला. नाविकांच्या नकाशांत प्रवाहांचे वेग होतेच. त्यावरून तळाच्या घर्षणात किती शक्ती जाते ते त्याने काढलं, आणि आधीच्या सगळ्या अंदाजांपेक्षा ती कितीतरी मोठी निघाली. पुढच्या वर्षी जेफ्रीजने जगभरच्या उथळ समुद्रांची बेरीज केली आणि बहुतेक सगळ्यांनी मानलं की प्रश्न सुटला. तो सुटला नव्हता. १९९२ मध्ये टोपेक्स/पोसायडन उपग्रह गेला, त्याने समुद्राची पातळी काही सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजली. २००० साली एगबर्ट आणि रे यांनी त्यावरून दाखवलं की चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडी जास्त शक्ती खोल समुद्रात जिरते. तळाच्या डोंगररांगांवरून भरतीचा प्रवाह जातो तेव्हा पाण्याच्या पोटात लाटा उठतात. अंदमानच्या समुद्रात अशा पोटातल्या लाटा साठ मीटरहून उंच मोजल्या आहेत, आणि वरून समुद्र जवळजवळ सपाट दिसतो.

भाचा : त्या लाटा फुटून खोलचं थंड पाणी वरच्या पाण्यात मिसळतं.

आत्या : हो, आणि ते मिसळलं नाही तर महासागराचं अभिसरण चालणं कठीण. वॉल्टर मंक आणि कार्ल वुन्श यांनी १९९८ मध्ये हाच हिशेब मांडला होता: मिसळायला लागणारी शक्ती वारा आणि चंद्र मिळून पुरवतात. आता साक्षीदार मोज. उपग्रह म्हणतो, चंद्राच्या मुख्य भरतीत अडीच टेरावॉट जिरतात. एक टेरावॉट म्हणजे दहा लाख मेगावॉट. अपोलोच्या अंतराळवीरांनी १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसर मारून अंतर मोजतात. चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब जातो आहे, आणि त्यावरून काढलेली शक्ती उपग्रहाच्या आकड्याशी जुळते. तिसरा साक्षीदार बॅबिलॉनचा. इसवी सन पूर्व १३६ मध्ये, १५ एप्रिलला, तिथे खग्रास सूर्यग्रहण दिसल्याची नोंद मातीच्या विटांवर आहे. दिवस तेव्हाही आजच्याइतकाच लांब होता असं धरून गणित केलं तर सावलीचा पट्टा पश्चिमेला जवळजवळ ४९ अंश सरकतो, स्पेनजवळच्या समुद्रात. म्हणजे पृथ्वीचं घड्याळ सव्वातीन तास चुकलं आहे. भरती एकटी असती तर याहूनही जास्त चुकलं असतं. हिमयुगातलं बर्फ वितळल्यावर दबलेली जमीन वर येते आहे, त्याने पृथ्वीचं फिरणं थोडं सावरलं, आणि तोही हिशेब जुळतो. चौथा साक्षीदार पोवळं. १९६३ मध्ये जॉन वेल्सने डेव्होनियन काळातल्या पोवळ्यांवरच्या वाढीच्या रेषा मोजल्या. तेव्हाच्या वर्षात चारशेच्या आसपास दिवस होते. पाण्यातला प्रवाह संध्याकाळी उरत नाही हे खरं, पण त्याची नोंद चंद्राच्या कक्षेत आहे, दिवसाच्या लांबीत आहे, चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या पोवळ्यात आहे.

भाचा : मग तू ज्याला नावं ठेवत होतीस तेच तू करते आहेस. डेव्होनियन काळातली भरती कुणी पाहिली? खुणेवरून तू कारणाकडे गेलीस.

आत्या : गेले. पण चार वेगळ्या वाटांनी, आणि चारही एका ठिकाणी भेटल्या. जीडी-१ची तुझ्याकडे एक वाट आहे.

(आत्याचं हे वाक्य मला या सगळ्या वादाचा गाभा वाटतं. बल एक, गणित एक. पण समुद्राच्या शास्त्रावर आपण विश्वास ठेवतो तो पाणी हाताला लागतं म्हणून नव्हे. लेसर, उपग्रह, वीट आणि पोवळं यांनी एकमेकांना न विचारता तोच आकडा दिला, म्हणून ठेवतो.)

भाचा : जीडी-१ला एक, हे कबूल. पण प्रश्न एकट्या जीडी-१चा नाही. कृष्णद्रव्याचे कण जड आणि थंड असतील तर आकाशगंगेभोवती एकही तारा नसलेले, लाखो-कोटी सूर्यांच्या वजनाचे पुष्कळ गोळे असायला हवेत. कण हलके, उबदार असतील तर असे लहान गोळे बनलेच नसतील. ओघांतल्या फटी ही ते मोजण्याची एक वाट. दूरच्या दीर्घिका भिंगासारख्या वागून मागच्या क्वासारचा प्रकाश वाकवतात, त्या प्रतिमांच्या तेजातल्या गडबडीतून असे गोळे शोधणं ही दुसरी. आकाशगंगेभोवती अगदी फिक्या बटू दीर्घिका किती आहेत ते मोजणं ही तिसरी. तीन वाटा, तीन वेगळी यंत्रं, तीन वेगळ्या चुका. चिलीतल्या रुबिन वेधशाळेची पहिली चित्रं जून २०२५ मध्ये आली. ८.४ मीटरचा आरसा, ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, आणि दहा वर्षं पुन्हा पुन्हा तेच आकाश. आज एका ओघातली फट दिसते, तेव्हा अनेक ओघांतल्या फटी दिसतील.

आत्या : मग माझी अट ऐक. भरतीचं कोष्टक आधी छापतात, भरती नंतर येते. तुम्हीही आकडा आधी लिहा. पालोमार ५ यादीतून काढ. तो आकाशगंगेच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरतो, मधल्या पट्ट्याची ओढ त्याला लागते. उलट फिरणाऱ्या ओघांची यादी कर. प्रत्येकात किती फटी याव्यात ते थंड कृष्णद्रव्यासाठी वेगळं आणि उबदारसाठी वेगळं लिही, खाली तारीख घाल, आणि मग रुबिनच्या नोंदी उघड. जुळलं नाही तर वायूचा ढग आडवा आला असं नंतर म्हणायचं नाही. ढगांचा हिशेब यादी करतानाच धर.

भाचा : मान्य. पण कधीतरी खंबातच्या आखातात टर्बाइन बसवायची वेळ आली, तर तूही हेच कर. भावनगरची भरती किती सेंटिमीटरने उतरेल, गाळ कुठे बसेल, पहिलं पातं पाण्यात जाण्याआधी लिहून ठेव.

आत्या : ते लिहावंच लागेल. पाती प्रवाहातून शक्ती काढतात तसा प्रवाह मंदावतो, आणि एका मर्यादेनंतर पाती वाढवली की एकूण वीज उलट कमी होते. ती मर्यादा आखाताच्या तोंडाशी वेगळी असेल आणि आत भावनगरजवळ वेगळी. दोन्ही आकडे देईन.